एका कणाची साक्ष



साक्षीदार फिरतो, पण वस्तू फिरत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. काचेचा तुकडा, कापडाचा धागा, बंदुकीच्या धुराचा कण यांना लाच देता येत नाही की दम भरता येत नाही. हे खरेच आहे. पण वस्तू मुकी असते. तिच्या वतीने बोलतो तो माणूस, आणि त्या माणसाला हिशेब यावा लागतो.

हा हिशेब अपुरा राहिला म्हणजे काय होते, ते लंडनच्या एका खटल्यात दिसले. जिल डँडो या दूरचित्रवाणीवरील नामांकित निवेदिकेचा २६ एप्रिल १९९९ रोजी घराच्या दाराशी गोळी घालून खून झाला. वर्षभराने त्याच भागात राहणाऱ्या एका इसमाला पकडण्यात आले. त्याच्या कोटाच्या खिशात बंदूक झाडल्यावर उडणारा एक कण सापडला. एकच कण, मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढा! दुसरा पुरावाही होता, पण या कणावर मोठा भर देण्यात आला. २००१ साली त्याला जन्मठेप झाली.

ज्यूरीच्या मनावर ठसले ते असे की, निर्दोष माणसाच्या खिशात असा कण सहसा येत नाही. ते चूक नव्हते. पण तो अर्धाच हिशेब होता. उरलेला अर्धा प्रश्न असा : यानेच गोळी झाडली असती, तर इतक्या दिवसांनी नेमका एकच कण सापडण्याचा संभव किती? शास्त्रज्ञांनी पुढे दोन्ही बाजू मांडल्या. गोळी झाडली असेल तर शंभरात एक. झाडली नसेल तरीही शंभरात एक. एकाला एकाने भागले की एकच उरतो. तराजूची दोन्ही पारडी सारखी! नोव्हेंबर २००७ मध्ये अपील कोर्टाने शिक्षा रद्द केली, आणि ऑगस्ट २००८ मध्ये फेरसुनावणीत ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. तोवर त्याची आठ वर्षे तुरुंगात गेली होती.

या भागाकाराला शास्त्रज्ञ संभाव्यता-गुणोत्तर म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. समजा, चोरीच्या जागी निळा धागा सापडला आणि तो आरोपीच्या सदऱ्याशी जुळला. चोर तोच असेल तर धागा जुळण्याचा संभव शंभरात ऐंशी धरू. गावात तसले कापड शंभरात एकाच्याच अंगावर असेल, तर पुरावा ऐंशीपट वजनाचा. पण गावात मोठा कारखाना असून शंभरात चाळीस लोक तोच गणवेश घालीत असतील, तर तोच धागा फक्त दुप्पट वजनाचा. धागा बदलला नाही, गाव बदलले! आणि ऐंशीपट म्हणजे आरोपी गुन्हेगार असण्याचा संभव ऐंशीपट असेही नव्हे. आधीच्या पुराव्याला त्याने गुणायचे असते. आधी काहीच नसेल, तर गुणून काय येणार?

कामगार चळवळीत उमर गेलेल्या आम्हांला यात विशेष गोडी आहे. कष्टकरी माणूस आपल्या धंद्याची धूळ अंगावर घेऊनच घरी जातो. मोटारीच्या ब्रेकच्या धुळीतले काही कण बंदुकीच्या कणांशी बरेच मिळतेजुळते असू शकतात. मेकॅनिकच्या हाताला अशी धूळ लागली तर नवल काय? तेव्हा "कण सापडला" एवढे सांगून भागत नाही. असल्या धंद्यातल्या इतर माणसांच्या हातांवर तो किती वेळा सापडतो, हे मोजलेले हवे.

हा प्रश्न आता परक्या मुलखाचा राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे नवे फौजदारी कायदे आले. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद त्यांत आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने लागू करण्यास मुदत दिलेली आहे. आम्ही तिचे स्वागत करतो. मार खाऊन दिलेल्या कबुलीपेक्षा सूक्ष्मदर्शक केव्हाही बरा. परंतु तज्ज्ञ साक्षीला उभा राहील, तेव्हा गरिबाच्या वकिलालाही दोन प्रश्न विचारता आले पाहिजेत : गुन्हा केला असेल तर हे सापडण्याचा संभव किती? आणि केला नसेल तर किती? एकाच प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर न्याय अर्धाच झाला असे समजावे.