रवांडाच्या आकाशातून रक्ताच्या पिशव्या

विनावैमानिक मालवाहू विमानाची चर्चा निघाली की पहिला प्रश्न येतो, ते वजन किती उचलतं? माझ्या मते विचारायला हवं, ते काय पोचवतं आणि वेळेवर पोचवतं का? रवांडात 2016 पासून मुहांगा इथल्या तळावरून झिपलाइन कंपनीची बॅटरीवर चालणारी छोटी विमानं रक्त नेत आहेत. ताशी सुमारे 100 किलोमीटर वेगानं डोंगर ओलांडायचे, रुग्णालयाच्या आवारात पॅराशूट लावलेला खोका सोडायचा आणि न उतरताच माघारी फिरायचं. तळावर दोन खांबांमधली दोरी शेपटीचा आकडा अलगद पकडते. भार जेमतेम पावणेदोन किलो. तरी 2022 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार मुदत संपून वाया जाणारं रक्त वर्षभरात 67 टक्क्यांनी घटलं. मागताच रक्त मिळणार असेल, तर दुर्मीळ गटाच्या पिशव्या लहान रुग्णालयाला साठवून ठेवाव्या लागत नाहीत.

विमानं बॅटरीवर चालली तरी एवढ्याशा भारानं हवाई वाहतुकीचा धूर कसा कमी होणार, हा आक्षेप रास्त आहे. किलोभर विमान-इंधनात सुमारे 12 किलोवॉट-तास ऊर्जा असते, किलोभर लिथियम बॅटरीत जेमतेम पाव किलोवॉट-तास. त्यामुळे समुद्र ओलांडणारी अवजड विमानं इतक्यात बॅटरीवर जाणार नाहीत. पण दोन किलोंसाठी अख्खी जीप घाटातून पिटाळणं आजच थांबवता येतं. सुरक्षिततेचं काय? प्रत्येक उड्डाणावर जमिनीवरून माणसाची नजर असते, आणि बिघाड झालाच तर विमानच पॅराशूटनं खाली येतं.