थकलेले दगड, वाहतं पाणी



माचू पिच्चूला जाणारे पुष्कळ प्रवासी ओयान्तायताम्बोला आगगाडीत बसतात. गाडीला वेळ असला तर डोंगरावरचे अवशेष घाईघाईने पाहतात आणि निघून जातात. आज मी याच गावाबद्दल बोलणार आहे, कारण इंकांनी आखलेलं हे गाव अजून नांदतं आहे.

पेरू देशात, उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवर ते वसलं आहे. पंधराव्या शतकात इंका सम्राट पाचाकुतीने हा मुलूख जिंकून इथे बांधकाम आरंभलं. उतारावर दगडी ताली घालून एकावर एक शेतं काढली. ती चढून गेलं की सहा प्रचंड शिळांची भिंत समोर येते. गुलाबी छटेचा हा दगड नदीपलीकडच्या डोंगरातून, काही किलोमीटरांवरून आणलेला. लोखंडी हत्यार नाही, गाडीचं चाक नाही, जुंपायला बैल नाही. कठीण गोट्यांनी ठोकून शिळा घडवल्या आणि दोरखंड लावून माणसांनी त्या नदी ओलांडून वर चढवल्या. ही भिंत ज्या मंदिराची, ते मंदिर मात्र अपुरंच राहिलं. वाटेत सुटलेल्या शिळा आजही तिथेच पडून आहेत. लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात.

पुढे स्पॅनिश आक्रमक आले, तेव्हा १५३७ साली याच उतारावरून इंका राजा मांको इंकाने सेनानी एर्नांदो पिझारोची स्पॅनिश फौज परतवली. पाट फोडून त्याने खालचं मैदान जलमय केलं आणि घोडदळ अडकून पडलं. पण हा विजय टिकणारा नव्हता. त्याच वर्षी मांकोला विल्काबाम्बाच्या रानात माघार घ्यावी लागली.

समोरच्या पिंकुयुना डोंगरावर धान्याची कोठारं आहेत. वारा खेळता राहून धान्य थंड आणि कोरडं राहावं, म्हणून ती मुद्दाम उंच उतारावर बांधली. पन्हाळगडावरचं धान्यकोठार, अंबरखाना, पाहिलेल्या माणसाला त्यामागचा विचार लगेच उमगतो. राज्य तटबंदीइतकंच कोठारावरही उभं असतं.

आता खाली गावात या. सरळ, अरुंद गल्ल्या आहेत. एकाच दारातून आत गेलं की मधल्या अंगणाभोवती घरं लागतात. या वाड्याला तिथे ‘कांचा’ म्हणतात. कित्येक घरांच्या खालच्या भिंती इंकांच्या काळातल्या आहेत आणि आत आजही चुली पेटतात, केचुआ भाषा कानावर पडते. गल्लीच्या कडेने दगडी पाटातून पाणी खळाळत जातं. पाट दरवर्षी गाळाने भरतो. तो उपसणारे हात असतील, तरच पाणी पुढे सरकतं.

सम्राटाचं मंदिर अर्धवट राहिलं, पण माणसांच्या रोजच्या वापरातला पाट चालू राहिला. वारसा टिकतो तो असा, वापरातून आणि निगराणीतून.

तेव्हा मंडळी, कधी त्या बाजूला गेलात तर गाडीची घाई करू नका. एक रात्र गावात राहा. आणि आपल्याकडे एखाद्या गडावर जाल, तेव्हा तटाआधी पायथ्याच्या वाडीत थोडं थांबा, तिथल्या माणसांशी बोला.