पाचवीला कुठं घालायचं?

(२६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण. स्मरणिका समितीने फारच आग्रह केला म्हणून थोडं नीटनेटकं करून दिलं आहे. – बी विंगमधील एक निवृत्त शिक्षिका)



सेक्रेटरी मघाशी म्हणाले, "बाई, वीस मिनिटं बोला, मग वडे येणार आहेत." ३१ वर्षं घंटेवर काम केलंय, तेव्हा वेळेची काळजी करू नका.

गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये मला तिघीजणींनी एकच प्रश्न विचारला. मुलाची चौथी संपतेय, प्राथमिक शाळा तिथंच संपते, आता पाचवीला कुठं घालायचं? स्टेशनजवळच्या मोठ्या अनुदानित शाळेत, जिथं पाचवीच्याच आठ तुकड्या आहेत, सकाळ-दुपार दोन अधिवेशनं भरतात, सगळी मिळून अडीच-तीन हजार मुलं? की वर्गात २५ मुलं असलेल्या, दारात बस येणाऱ्या छोट्या शाळेत? त्यातली एक हळूच म्हणाली, "मोठ्या शाळेत आपलं मूल हरवून जाईल का हो काकू?"

हो, हरवू शकतं. माझं हरवलं होतं.

तुमच्यातले जुने सभासद माझ्या मुलाला ओळखतात. तो अशाच एका मोठ्या शाळेत होता. मी दुसऱ्या शाळेत गणित शिकवत होते. पाचवीपर्यंत बरा चालला होता. सहावीत घसरला आणि सातवीच्या सहामाहीत गणितात १०० पैकी ३८ मिळाले. गणिताच्या बाईंचा मुलगा आणि ३८! मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. एकदा हातही उचलला. "लक्ष कुठं असतं तुझं?" हे वाक्य त्या वर्षी घरात रोज होतं. पालक सभेला गेले तर वर्गशिक्षक म्हणाले, "शांत आहे, त्रास काही नाही." त्यांच्या वर्गात ६४ मुलं. जो त्रास देत नाही तो दिसत नाही, हे मला कळायला हवं होतं. कारण माझ्याही वर्गात तेवढीच मुलं होती.

शेवटी कोणी ओळखलं? चित्रकलेच्या सरांनी. त्यांच्याकडे अख्ख्या शाळेचे चित्रकलेचे तास, प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक किंवा दोन. त्यांनी मला निरोप पाठवला: हा मुलगा समोर ठेवलेली वस्तू न पाहता शेजाऱ्याच्या कागदावरून काढतो, याचे डोळे तपासा. तपासले. दोन्ही डोळ्यांना पावणेतीनचा नंबर. शेवटून दुसऱ्या बाकावरून त्याला फळा दिसतच नव्हता, आणि तो ते कुणाला बोलला नव्हता. सगळ्यांनाच फळा असा दिसतो असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गात गेले, फळ्यावर एक ओळ लिहिली आणि मागच्या दोन रांगांना एकेकाला उठवून वाचायला लावली. पाच मुलं अडकली. पाच! त्यातली एक मुलगी दोन वर्षं माझ्याच वर्गात होती. तिच्या प्रगतीपुस्तकावर मीच लिहिलं होतं, 'एकाग्रता वाढवावी'.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे बाई छोट्या शाळेच्या बाजूनं. नाही. मुलाला मी त्या शाळेतून काढलं नाही. चष्मा लागल्यावर तो काही एकदम पहिला वगैरे आला नाही, गणितात साठ-पासष्टच्या वर कधी गेला नाही. पण आठवीला तुकड्या मोडल्या, म्हणजे मुलं नव्यानं मिसळली, आणि याची पाटी कोरी झाली. नव्या वर्गात हा 'गणितातला ढ' नव्हता. २५ मुलांच्या शाळेत पाचवीत पडलेलं नाव दहावीपर्यंत चिकटतं, कारण वर्ग तोच, शिक्षक तेच, शेजारी बसणारा तोच. मोठ्या शाळेत दुसरी तुकडी असते. ही सोय किती मोठी आहे हे छोट्या शाळेतून नववीत माझ्या वर्गात आलेल्या मुलांकडून मी शिकले.

आणि मोठ्या शाळेत मुलाला त्याच्यासारखे सापडतात. आमच्या चिरंजीवांना चित्रकलेच्या सरांनी हाताशी धरलं, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही सरकारी परीक्षांना बसवलं. त्याच्याबरोबर वेगवेगळ्या तुकड्यांमधली १९ मुलं होती. छोट्या शाळेत हा एकटाच असता आणि त्याला 'चित्रं काढत बसतो' म्हणाले असते. कुणाला एनसीसी, कुणाला खो-खो, कुणाला आठवीपासून टेक्निकलचा विषय घेऊन हातात कानस धरायची असते. हे सगळं चालवायला मुलांची संख्या लागते, मैदान लागतं, जुनी माणसं लागतात. त्याचा बाकावरचा मित्र सायकल दुरुस्तीच्या दुकानातून शाळेत यायचा, पुढच्या बाकावर डॉक्टरांची मुलगी. आजही हे तिघं एकमेकांच्या घरी जातात. शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होतात म्हणून फी दोघांनाही परवडत होती, इतकं ते साधं आहे.

माझी भाची लंडनजवळ राहते. तिलाही गेल्या वर्षी हाच प्रश्न पडला होता, फक्त तिकडे तो मुलाच्या अकराव्या वर्षी येतो. पूर्वी तिथं अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन हुशार मुलं एका शाळेत आणि बाकीची दुसऱ्या शाळेत अशी वाटणी व्हायची. १९६५ साली सरकारनं सगळीकडच्या शिक्षण खात्यांना सांगितलं की हे बंद करा, भागातली सगळी मुलं एकाच मोठ्या शाळेत घ्या. त्यांना कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा म्हणतात. काही भागांत ती जुनी परीक्षा अजून आहे, आणि तिच्या शिकवण्याही आहेत. आपल्याकडे कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात जवळपास हेच सांगितलं: शेजारच्या शाळेत शेजारची सगळी मुलं. आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सचिव होते. अहवालाचं काय झालं ते आपल्या गेटवर सकाळी सात वाजता उभं राहिलं की दिसतं. आपण इथं राहायला आलो तेव्हा सोसायटीतली मुलं घोळक्यानं एकाच शाळेत चालत जायची. आता बसेस मोजा.

असो. वड्यांचा वास यायला लागलाय, तेव्हा कामाचं बोलते.

शाळा बघायला जाल तेव्हा प्रवेशाच्या माहिती सभेला जाऊ नका, तिथं सगळं झकपक असतं. मधल्या सुट्टीत जा. नळाला पाणी आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, आणि तीन हजार मुलांच्या त्या गलक्यात शिक्षक व्हरांड्यात असतात की स्टाफरूममध्ये, हे बघा. शिपाई मुलांना नावानं हाक मारतो का तेही ऐका. मग कचेरीत विचारा: तुकड्या मार्कांवर पाडता की मिसळून? 'अ' तुकडीत हुशार आणि 'फ' मध्ये उरलेले, असं असेल तर मघाशी मी जे फायदे सांगितले त्यातले अर्धे गेले, कारण मग ती एक मोठी शाळा राहत नाही, सहा छोट्या होतात, आणि शेवटच्या तुकडीला कोणी वाली नसतो. मंजूर शिक्षक किती आणि भरलेले किती, हेही विचारा. तासिका तत्त्वावरचे किती? वाईट वाटून घेतील, घेऊ देत.

दहावीच्या निकालाचा फलक वाचताना थोडं गणित करा. एखाद्या शाळेचे ४० बसले, ४० पास, शंभर टक्के. मोठ्या शाळेचे ५०० बसले, ९४ टक्के, म्हणजे ३० नापास. तुम्हाला शंभर बरा वाटेल. पण विचारा की ते ४० जण पाचवीला किती होते. नववीत "दाखला काढून घ्या, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा" असं ऐकून आलेली मुलं मी आमच्या शाळेत वर्षानुवर्षं घेतली आहेत. कुठल्या शाळांतून आली ते सांगणार नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांना आम्ही पास केलं आणि काही त्या ३० मध्ये गेले.

प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा तुमची मुलाखत कोणी घ्यायला लागलं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं नाव घ्या. आठवीपर्यंत ते चालत नाही.

आणि प्रवेश झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत एक काम करा. शाळेत एक तरी मोठं माणूस असं शोधा की जे तुमच्या मुलाला नावानं ओळखतं. वर्गशिक्षकच असेल असं नाही. पीटीचे सर, ग्रंथपाल, प्रयोगशाळेतले मामा, कोणीही. त्यांना भेटा, तुमचा नंबर द्या, वर्षातून दोनदा विचारपूस करा. छोट्या शाळेत हे आपोआप होतं, मोठ्या शाळेत ते आईबापांना करावं लागतं. माझ्या वेळी ते चित्रकलेच्या सरांनी आपणहून केलं, माझ्या हुशारीनं नाही. त्या पाच मुलांच्या आईवडिलांपैकी एकही माझ्याकडे तोवर आलेला नव्हता आणि मीही कुणाला बोलावलं नव्हतं.

अजून कोणाला अमुक एका शाळेबद्दल विचारायचं असेल तर दुपारी चारनंतर माझ्याकडे या, दार उघडं असतं. मुलाला बरोबर आणा. येताना त्याला खाली जिन्याच्या कोपऱ्यात उभं करून समोरच्या नोटीस बोर्डावरची मेंटेनन्सची सूचना मोठ्यानं वाचायला सांगा, आधी डावा डोळा झाकून, मग उजवा.