भाषण एकच, मत वेगळे

(व्याख्यानाचा संपादित भाग)

या शतकाच्या पहिल्या दशकात पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातील ग्रामस्थांना एक ध्वनिमुद्रित भाषण ऐकवण्यात आले. ग्रामपंचायतीचा प्रधान, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला सरपंच म्हणतात तो, गावकऱ्यांपुढे बोलत आहे, असा प्रसंग होता. मजकूर सर्वांसाठी एकच. फरक इतकाच, की काहींनी तो पुरुषाच्या आवाजात ऐकला, तर काहींनी स्त्रीच्या. कोणाच्या वाट्याला कोणता आवाज यावा, हे निव्वळ यदृच्छेवर सोपवले होते. नंतर प्रत्येकाला विचारले गेले, हा नेता कितपत कार्यक्षम वाटतो? ज्या गावांनी महिला प्रधान कधी पाहिलीच नव्हती, तेथील पुरुषांनी तीच वाक्ये स्त्रीच्या तोंडून ऐकल्यावर कमी गुण दिले.

लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा यांचा हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तो शक्य झाला तो राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीमुळे. १९९३ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने पंचायतीच्या जागांबरोबरच अध्यक्षपदांतही किमान एक-तृतीयांश वाटा महिलांसाठी राखला. पश्चिम बंगालमध्ये प्रधानपदाचे आरक्षण १९९८ पासून लागू झाले. कोणत्या पंचायतीत ते येणार, हे गावाची प्रगती वा मागासलेपण पाहून ठरत नव्हते. त्यामुळे काही गावांना महिला प्रधान लाभली, शेजारच्या तशाच गावांना लाभली नाही, आणि दोहोंची तुलना करणे शक्य झाले.

मत कामावरून बनते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. डफ्लो आणि टोपालोवा यांनी अनेक राज्यांतील गावांची पाहणी केली तेव्हा निराळेच चित्र दिसले. महिला सरपंच असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्याच्या सोयी अधिक होत्या, त्यांची स्थितीही निदान इतरांइतकी चांगली होती आणि लाच द्यावी लागल्याच्या तक्रारी कमी होत्या. तरीही ग्रामस्थ अधिक असमाधानी होते. त्यांत स्त्रियाही होत्या. इतकेच नव्हे, तर सरकारी आरोग्यसेवेबद्दलची नाराजीही या गावांत जास्त आढळली. ही सेवा राज्य शासन चालवते, सरपंच नव्हे. नळाचे पाणी डोळ्यांसमोर असताना मनातील मापदंड हलला नाही. उलट जे बाईंच्या हातात नव्हते त्याचाही दोष बाईंच्या खात्यावर पडला. ‘खरा कारभार नवराच पाहतो’ हे वाक्य तर बहुतेक गावांत चौकशीआधीच तयार असते. कोठे ते खरेही असते; पण ते खरे आहे की नाही हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही, हा खरा प्रश्न आहे.

मग हे मत बदलते कशाने? बीरभूमचे उत्तर विचार करायला लावणारे आहे. ज्या गावांनी महिला प्रधानाचा कारभार अनुभवला होता, तेथे स्त्रीच्या आवाजातील भाषणाला कमी गुण देण्याची प्रवृत्ती ओसरलेली दिसली. मात्र नेता पुरुषच असावा, ही पुरुषांची आवड जवळजवळ जशीच्या तशी राहिली. आवड आणि क्षमतेविषयीचा अंदाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली घरात, लहानपणापासून मुरते. दुसरी पुराव्याने हलू शकते. प्रबोधनाचे बहुतेक कार्यक्रम पहिलीवर भर देतात आणि मग निष्फळ ठरतात. बाई आवडो वा न आवडो, ती काम करू शकते एवढे ग्रामस्थाला पटले, तरी मतपेटीत फरक पडतो.

तो पडलाही, पण उशिरा. आरक्षण एकदाच आले तेथे पुढील निवडणुकीत खुल्या जागांवर महिलांचे यश ठळकपणे वाढले नाही. लागोपाठ दोन वेळा ज्या पंचायतींत प्रधानपद राखीव होते, तेथे २००८ च्या निवडणुकीत खुल्या जागांवर निवडून आलेल्या महिलांचे प्रमाण, आरक्षण कधीच न आलेल्या पंचायतींच्या जवळपास दुप्पट होते. याच गावांत किशोरवयीन मुलामुलींच्या शिक्षणातील तफावत नाहीशी झाल्याचे २०१२ च्या अभ्यासात दिसून आले. मुलींविषयी आईवडिलांच्या आकांक्षाही उंचावल्या होत्या.

आरक्षणाचे चक्र मात्र अनेक राज्यांत दर पाच वर्षांनी फिरते. पहिली महिला सरपंच गावाच्या संशयाशी झगडण्यातच कार्यकाळ घालवते आणि तो संशय विरू लागतो न लागतो तोच पद पुन्हा खुले होते. तमिळनाडूने आरक्षण सलग दोन कार्यकाळांसाठी, म्हणजे दहा वर्षे, एकाच जागी ठेवण्याची पद्धत स्वीकारली. महाराष्ट्राने २०११ साली महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. पण आरक्षण एकाच गावात किती काळ टिकावे, या प्रश्नाची चर्चा वाट्याच्या आकड्याइतकी झालेली नाही.