पान एक, पडदे अनेक

छत्रपति संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यांत देवगांव रंगारी हें गांव आहे. कापूस आणि मका पिकविणाऱ्या या मुलखांतील एखाद्या शेतकऱ्याच्या घरीं आज डोकावून पाहिलें, तर एकाच छपराखालीं तीन तऱ्हेचे फोन सांपडणें मुळींच अवघड नाहीं. आजोबांच्या बंडीच्या खिशांत बटनांचा फोन असतो. त्यांत इंटरनेट चालतें, पण पडदा आगपेटीएवढा. कर्त्या मुलाजवळ बोटाच्या स्पर्शानें चालणारा, कांचेला तडा गेलेला आणि चार-पांच वर्षें वापरलेला फोन असतो. कॉलेजांत जाणाऱ्या नातीच्या हातांतील फोन त्याहून मोठा आणि नवा. शिवाय सेवा केंद्रांतील टेबलावर रुंद पडद्याचा संगणक असतो तो निराळाच. या चारहि यंत्रांवर जो कागद पाहावयाचा तो मात्र एकच, आणि तो म्हणजे जमिनीचा सातबारा.

इंटरनेटवरील पान रचणारा मनुष्य दूर मुंबईस किंवा पुण्यास बसलेला असतो. आपलें पान या क्षणीं कोणाच्या हातांतील कोणत्या यंत्रावर उघडलें जात आहे, हें त्याला आधीं ठाऊक नसतें. अशा स्थितींत त्या पानानें चौघांसमोर चार रूपें घ्यावींत, पण चौघांनाहि गोष्ट एकच सांगावी, हें कसें साधावें, असा हा प्रश्न आहे. वरवर पाहतां तो कारागिरांचा वाटतो. वस्तुतः तो ज्याला त्या कागदाची गरज आहे त्याच्या हक्काचा प्रश्न आहे.

रंगारी म्हणजे कापड रंगविणारा. सुतास चालणारी रीत लोकरीस चालत नाहीं, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. गिऱ्हाइकानें लोकर आणली म्हणून तो त्याला दारावरून परत पाठवीत नाहीं. वस्त्राचा पोत पाहून आपली कृति बदलतो आणि रंग मात्र मागितला तोच देतो. इंटरनेटच्या पानाविषयीं जगाला हा साधा व्यवहार उमजावयास जवळजवळ वीस वर्षें लागलीं.

या वीस वर्षांची हकीकत मोठी उद्बोधक आहे. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं जागतिक जाळ्याची कल्पना मांडली आणि १९९१ सालीं त्याचीं पानें संस्थेबाहेरच्या लोकांस पाहावयास मिळूं लागलीं. त्या आरंभींच्या पानांना ठरीव रुंदी अशी नव्हती. खिडकी रुंद केली कीं ओळी लांबत. अरुंद केली कीं त्या मोडून खालीं उतरत. पाणी जसें भांड्याचा आकार घेतें तसा तो मजकूर होता. पुढें छापखान्याच्या संवयीनें वाढलेले लोक या कामांत शिरले आणि त्यांनीं कागदाप्रमाणें पानाला पक्की रुंदी ठरवून दिली. टेबलावरच्या संगणकापुरतें तें निभावलें. पण फोनचा पडदा आला आणि ठरीव रुंदीच्या पानाचा निरुपाय झाला.

मग उपाय निघाले. १९९८ च्या सुमारास वॅप नांवाची पद्धति आली. तिच्यांत फोनसाठीं निराळी भाषा आणि निराळें जाळेंच उभारलें होतें, व मजकूर लहान लहान पत्त्यांसारखा तोडून दिला जाई. मोठ्या जाळ्यांतील बहुतेक वस्तु तेथें येतच नसत. दुसरा उपाय नोंदवहीचा. २००१ पासून कांहीं मंडळींनीं बाजारांतील प्रत्येक फोनची माहिती टिपून ठेवण्यास आरंभ केला: पडदा केवढा, रंग किती, चित्र कोणत्या जातीचें चालतें. पान मागणारा फोन ओळखावा आणि त्याच्या मापाचें पान काढून द्यावें, असा हा बेत. तो उपयोगी पडला. पण नवा फोन निघाला कीं नवी नोंद करावी लागे, आणि फोन निघावयाचे थांबत नसत. तिसरा उपाय ऑपेरा मिनीचा. त्यांत कंपनीचा दूरचा संगणकच पान उघडी, त्याचा भार कमी करी आणि मग तें फोनकडे धाडी. मंद गतीच्या आणि महाग इंटरनेटच्या काळांत या युक्तीनें भारतांतील असंख्य साध्या फोनांना जाळ्याचें दर्शन घडविलें.

२००७ सालीं आयफोन निघाला. त्यानें पानाची रुंदी ९८० पिक्सेल धरून सबंध पान लहान करून दाखविण्याची रीत घेतली. पान सगळें दिसे, पण अक्षरें मुंगीएवढीं; वाचावयाचें तर दोन बोटांनीं तें ताणावें आणि डावीकडून उजवीकडे सरकवीत बसावें. अखेर मे २०१० मध्यें ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकारानें ‘ए लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकांत एक लेख लिहून आज रूढ असलेली दिशा दाखविली. त्याचीं सूत्रें तीन होतीं. पानाच्या भागांचीं मापें आंकड्यांत न ठरवितां एकमेकांच्या प्रमाणांत ठरवावींत; चित्रानें आपल्या रकान्याबाहेर जाऊं नये; आणि पडदा अमुक रुंदीहून अरुंद असेल तर रकाने शेजारीं न मांडतां एकाखालीं एक मांडावे, अशा अटी पानांतच लिहून ठेवाव्या. म्हणजे प्रत्येक फोनचें नांव-गांव विचारण्याचें कारण उरलें नाहीं. पान एकच, तें स्वतःच जागा पाहून बसतें. आरंभीं असलेला लवचिकपणा अशा रीतीनें वीस वर्षांच्या फेऱ्यानंतर परत आला.

मराठी पानाची वाट याहून एका टप्प्यानें अधिक खडतर होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत छापखान्याच्या खिळ्यांची संख्या कमी व्हावी, टंकयंत्रावर नागरी लिपि सुलभ व्हावी, म्हणून लिपिसुधारणेची चळवळ झाली. विनायक दामोदर सावरकरांनीं पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी त्यांतलीच. लिपीनें यंत्रापुढें वांकावें, असा तो काळ होता. संगणकावरहि प्रथम तसेंच झालें. निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट निरनिराळे, आणि मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेलीं. तो फाँट जवळ नसला कीं मराठी मजकुराच्या जागीं निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. संगणकावर फाँट उतरवून घेतां येई. फोनवर ती सोयहि बहुधा नसे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तींत देवनागरीला स्वतःचे अंक मिळाले आणि ही गांठ सुटण्याची शक्यता निर्माण झाली. ‘ॲ’ला मात्र स्वतंत्र स्थान मिळावयास २००८ साल उजाडावें लागलें. अंक मिळाले तरी फोनांत अक्षरें दाखविण्याची योजना नसेल तर रिकाम्या चौकटीच दिसत. भारतीय मानक १६३३३ च्या तिसऱ्या भागानें भारतांत विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ भाषांतील मजकूर वाचतां यावा अशी अपेक्षा घालून दिली, ती याचसाठीं.

तरीहि अक्षर दिसणें निराळें आणि नीट वाचतां येणें निराळें. रोमन अक्षर एका ओळींत बसतें. ‘र्कुं’ सारख्या अक्षराला वर रफार व अनुस्वार आणि खालीं उकार असतो. इंग्रजी मजकुरासाठीं ठरविलेलें ओळींतील अंतर त्याला पुरत नाहीं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. ‘सर्वेक्षणक्रमांकनिहाय’ असा सामासिक शब्द अरुंद पडद्यावर मावत नाहीं आणि बटनाच्या बाहेर लोंबत राहतो. इंग्रजी पानाचें केवळ भाषांतर केलें म्हणजे मराठी पान तयार झालें, हा समज येथेंच खोटा ठरतो.

आतां सातबाराकडे वळावें. गांव नमुना सातमध्यें जमीन कोणाची, क्षेत्र किती, आकार किती, कोणत्या फेरफारानें नोंद झाली, आणि इतर अधिकार कोणाचे, हें सांगितलेलें असतें. गांव नमुना बारामध्यें वर्ष, हंगाम, पीक, त्याचें क्षेत्र आणि पाण्याचें साधन यांच्या नोंदी असतात. हा तक्ता मुळांत आडव्या, रुंद नोंदवहीसाठीं आंखलेला आहे. २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल सहीचा उतारा मिळूं लागला आणि कचेरीचा हेलपाटा पुष्कळांचा वांचला, ही लहान गोष्ट नव्हे. पण तो पीडीएफ कागदाच्या मापाचा असतो. आगपेटीएवढ्या पडद्यावर तो उघडला कीं रकान्याचें शीर्षक एका टोकाला राहतें आणि आंकडा दुसऱ्या टोकाला. आंकड्यापर्यंत सरकत जावें तों तो कशाचा, हें विसरावयास होतें.

जाळ्याचे नियम घालून देणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनें २०१८ सालीं सुगमतेचीं मार्गदर्शक तत्त्वें सुधारून प्रसिद्ध केलीं. पडदा ३२० पिक्सेल रुंद असला तरी वाचकाला पान आडवें आणि उभें असें दोन्ही दिशांनीं सरकवावें लागूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. तथापि ज्यांचा अर्थ रकाने व ओळी यांच्या मांडणीवरच अवलंबून आहे अशा तक्त्यांना सूट आहे. म्हणजे नियम जेथें सैल झाला तेथेंच सातबारा येऊन बसतो. शिवाय २०१७ सालीं आलेल्या आणि खेड्यापाड्यांत पोंचलेल्या जिओफोनचा पडदा अवघा २४० पिक्सेल रुंद. नियमानें कल्पिलेल्या अरुंद पडद्याहूनहि तो अरुंद आहे.

अशा तक्त्याला उपाय नाहीं असें नाहीं. प्रत्येक ओळीची एक लहान चिठ्ठी करावी आणि तींत प्रत्येक आंकड्याशेजारीं त्याचें शीर्षक पुन्हां लिहावें: ‘हंगाम: खरीप’, ‘पीक: कापूस’, ‘क्षेत्र: अमुक’. रुंद पडद्यावर तीच माहिती पुन्हां तक्ता होऊन उभी राहते. पान लांबतें, पण वाचकाला अंगठ्यानें खालीं सरकणें जड जात नाहीं. आडवें हरवणें जड जातें. सहीचा कागद पुराव्यासाठीं जसाच्या तसा ठेवावा आणि वाचण्यासाठीं ही मांडणी सोबत द्यावी, म्हणजे दोन्ही कामें होतात.

येथें एक धोका मात्र ओळखून ठेवला पाहिजे. पडदा लहान म्हणून मजकूर कमी करण्याचा मोह फार सहज होतो. मालकाचें नांव आणि क्षेत्र तेवढें दाखवावें, बाकीचें ‘अधिक पाहा’ म्हणून आड ठेवावें, म्हणजे पान सुटसुटीत दिसतें. पण सातबारांतील ‘इतर अधिकार’ हा रकाना असा आड ठेवला तर काय होईल? कर्जाचा बोजा तेथेंच नोंदलेला असतो; कुळाचा हक्क तेथेंच असतो. रुंद पडद्यावर पाहणाऱ्याला बोजा दिसला आणि अरुंद पडद्यावर पाहून जमिनीचा सौदा करणाऱ्याला तो दिसला नाहीं, तर सुटसुटीतपणाची किंमत त्या गरीबानें मोजली असें होतें. रूप लवचिक असावें, मजकूर अखंड असावा, ही या सर्व विद्येची मर्यादा होय.

तीच गोष्ट पानाच्या भाराची. शिवारांत रेंज कमी असते. चार मोठीं शोभेचीं चित्रें उतरेपर्यंत फोन गरम होतो आणि पान अर्ध्यावर अडतें. दुपारच्या उन्हांत फिकट राखी अक्षरें दिसत नाहींत. राबलेल्या जाड बोटाखालीं दोन लहान बटनें एकदम दाबलीं जातात. आणि ज्या फोनला स्पर्शाचा पडदाच नाहीं, तेथें बाणाच्या बटनानें प्रत्येक दुव्यावर पोंचतां आलें पाहिजे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पूर्वीं तलाठी करीत ती पिकाची नोंद शेतकऱ्यानें आपल्या फोनवरून, बांधावर उभें राहून, छायाचित्रासह करावयाची झाली. पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी अशा कामीं ती नोंद विचारली जाते. तेव्हां पडद्याबाहेर गेलेलें एक बटन म्हणजे न झालेली नोंद, आणि न झालेली नोंद म्हणजे ऐन अडचणीच्या वेळीं कागदावर नसलेलें पीक.

यावर कोणी म्हणेल कीं, लोकांनीं बरे फोन घ्यावेत, किंवा सेवा केंद्रांत जावें, किंवा घरांतील शिकलेल्या नातीला सांगावें. सेवा केंद्रें उपयोगी आहेत आणि नातीहि आनंदानें मदत करतील. पण सेवा केंद्राला वेळ असते आणि जाण्यायेण्यांत मजुरीचा दिवस मोडतो. आपल्या जमिनीचा उतारा, आपल्या कर्जाची स्थिति, आपल्या पिकाची नोंद या गोष्टी दुसऱ्याच्या डोळ्यांनीं वाचाव्या लागणें म्हणजे कागद नांवावर असूनहि हातांत नसणें होय. आणि जो शेतकरी गेल्या हंगामांतील तोटा अजून भरून काढीत आहे, त्याला फोन बदल म्हणून सांगणें सोपें, पण पान बदलणें त्याहून पुष्कळ स्वस्त. एकदां बदललेलें पान साऱ्या राज्याच्या कामीं येतें.

म्हणून पान रचणाऱ्यानें आरंभ करावयाचा तो टेबलावरच्या रुंद पडद्यापासून नव्हे, तर त्या बंडीच्या खिशांतील पडद्यापासून. तेथें जें वाचतां आलें तें रुंद पडद्यावर नेणें सोपें असतें. उलट दिशेनें जातांना मात्र कांहींना कांहीं गळून पडतें. प्रत्येक नवें पान लोकांसमोर ठेवण्यापूर्वीं तें एकदां साध्या फोनवर, मंद रेंजमध्यें आणि उन्हांत उभें राहून उघडून पाहावें, व तेथें ‘इतर अधिकार’ हा रकाना पूर्ण वाचतां आला तरच काम संपलें असें समजावें.