लॉगिन कधी होतं, कधी होत नाही: दोष नेमका कुणाचा?

आज बोलूया ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बाहेरून लॉगिन करण्याबद्दल. कनेक्शन पूर्ण बंद पडलं तर बिघाड शोधणं सोपं असतं. खरा ताप असतो तो कधी चालू, कधी बंद अशा कनेक्शनचा. 'बनी तो बनी, नही तो परभणी' म्हणतात ना, अगदी तसा कारभार!

मी परभणीत छोट्या ऑफिसांची नेटवर्क सांभाळतो. हे प्रकरण एका कर सल्लागाराच्या ऑफिसातलं. तिथली एक ताई मानवतहून, घरूनच काम करायची. आधी व्हीपीएन जोडायचं, मग रिमोट डेस्कटॉपनं ऑफिसचा कॉम्प्युटर उघडायचा. चार दिवस नीट चालायचं, पाचव्या दिवशी बंद. दर महिन्याचं जीएसटीचं ३बी रिटर्न २० तारखेपर्यंत भरावं लागतं. उशीर झाला, की व्यवहार असलेल्या रिटर्नला रोज ५० रुपये लेट फी. ऑफिसात सगळ्यांचं नेट व्यवस्थित, त्यामुळे खापर फुटलं ताईवर. "तुझ्याकडचंच नेट खराब आहे. जमत नसेल तर रोज परभणीला ये."

मी तिला एवढंच सांगितलं, की लॉगिन अडलं की लगेच वेळ लिहून ठेव आणि घरचं वायफाय सोडून मोबाईल डेटावरून एकदा बघ. दोन्हीकडून एकाच वेळी अडत होतं. म्हणजे दोष तिच्या नेटचा नव्हता. शिवाय व्हीपीएन जोडलं जात होतं, म्हणजे ती ऑफिसच्या राउटरपर्यंत पोचत होती. अडत होतं ते त्याच्या पुढं.

ऑफिसातही एक वही ठेवायला लावली. लाईट कधी गेली, कधी आली, एवढंच लिहायचं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या आणि मेळ बसला. लॉगिन अडलं त्या प्रत्येक दिवशी आधी लाईट जाऊन आलेली होती.

पुढच्या वेळी अडलं तेव्हा मी कॉम्प्युटरच्या नंबरला, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेसला पिंग केलं. १९२.१६८.५०.२०. उत्तर आलं! त्यामुळे कॉम्प्युटर चालू आहे असं कुणालाही वाटलं असतं. पण रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट बंद. मग राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. २० नंबरवर कॉम्प्युटर नव्हताच. तिथं होता कुणाचा तरी मोबाईल. पिंगला उत्तर देत होता तोच.

हे घडतं कसं? राउटर प्रत्येक उपकरणाला तात्पुरता नंबर देतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. लाईट गेली की राउटर बंद, आणि या राउटरची दिलेल्या नंबरांची यादी तेव्हा पुसली जायची. लाईट आली की राउटर आधी चालू होतो. मोबाईलला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे तो लगेच जोडला जातो. नव्यानं आलेल्या एखाद्या मोबाईलला मोकळा दिसणारा २० नंबर मिळून जायचा. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत त्याची जागा गेलेली. त्याला दुसरा नंबर मिळायचा, आणि त्याचं नेट मस्त चालायचं. म्हणूनच ऑफिसात कुणाला काही कळत नव्हतं. मानवतहून ताई मात्र २० नंबरचंच दार वाजवत बसायची. मोबाईल मध्ये आला नाही, तर कॉम्प्युटर पुन्हा २० वर. म्हणून कधी चालू, कधी बंद.

उपाय पाच मिनिटांचा. राउटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' असतं. तिथं कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डचा मॅक अ‍ॅड्रेस टाकून २० नंबर त्याच्या नावावर केला. त्यानंतर राउटरला छोटा यूपीएस लावला. दोन्ही एकदम नाही केलं. आधी रिझर्व्हेशन, मग लाईट जाऊन आल्यावर लॉगिन होतंय का ते बघितलं, झालं, आणि मगच यूपीएस. एका वेळी एकच बदल केला, तरच कशानं फरक पडला ते कळतं.

आणि व्हीपीएनची कटकट नको म्हणून ३३८९ पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडा ठेवू नका. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात.

घरून काम करणाऱ्या कुणाला "तुझंच नेट खराब" असं ऐकावं लागत असेल, तर हा भाग त्याला पाठवा. सोबत सांगा, आजपासून वेळ लिहायला लाग. ताईला रोज परभणीला यावं लागलं नाही, ते त्या नोंदींमुळेच. भेटू पुढच्या भागात!