आफ्रिकेतील पहिले चार दिवस
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आम्हा तिघांना आफ्रिकेच्या प्रवासाविषयी दोन शब्द बोलायला सांगितले आहे. प्रवास चाळीस दिवसांचा, आणि आमच्या तुकडीत पाच देशांचे एकवीस जण. सगळं सांगायला बसलो तर रात्र पुरायची नाही. म्हणून घाना देशातील पहिले चार दिवसच सांगतो.

निघण्याअगोदर पीतज्वराची लस टोचून घेतली. तिचे पिवळे कार्ड अक्राच्या विमानतळावर दाखवावे लागते. घड्याळ साडेपाच तास मागे घेतलं. पहिल्या जेवणात केंकी मिळाली. केंकी म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, कणसाच्या पाल्यात गुंडाळून शिजवलेला गोळा. आमच्यातल्या एकाने तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दिवशी तोच मागून खाऊ लागला!

दुसऱ्या दिवशी डॉ. डु बॉइस यांचे स्मारक पाहिले. हे अमेरिकेतील काळ्या लोकांचे थोर विद्वान. १९६१ साली ते घानात आले आणि १९६३ साली येथेच वारले. त्यांच्या राहत्या घरीच समाधी आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले होते आणि त्यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठविले होते. हे आम्ही तेथे मोठ्या अभिमानाने सर्वांना सांगितले. "तुमचं-आमचं दुःख एकच," असेही म्हणालो. टाळ्या मिळाल्या.

तिसऱ्या दिवशी सुमारे १४५ किलोमीटरवरील केप कोस्टला गेलो. रस्त्यावरची पोरं आम्हाला पाहून "ओब्रुनी, ओब्रुनी" ओरडू लागली. ओब्रुनी म्हणजे परका, गोरा. अमेरिकेहून आलेल्या काळ्या भगिनीलाही पोरं तेच म्हणाली. ती गप्प झाली.

तेथील किल्ल्यात गुलामांना कोंडण्याच्या कोठड्या आहेत. खाली माणसं कोंबलेली आणि त्याच कोठडीच्या वर प्रार्थनाघर! समुद्राकडे उघडणाऱ्या दारातून त्यांना जहाजावर चढवीत. त्याला 'न परतीचा दरवाजा' म्हणतात. १९९८ साली जमैका व अमेरिकेतून दोघा गुलामांचे अवशेष आणून त्याच दारातून आत घेतले. आता दाराच्या बाहेरच्या बाजूला 'परतीचा दरवाजा' अशी पाटी आहे.

आणि त्या अंधारकोठडीत आम्ही काय केलं? फोटो काढला. लख्खकन उजेड पडला. ती भगिनी भिंतीला हात लावून रडत होती. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, हे आमचं स्मशान आहे."

बंधू-भगिनींनो, आम्ही शरमेने मान खाली घातली. काल दुःख एकच म्हणणारे आम्ही, आज पाहुणे होऊन तमाशा पाहत होतो. आपल्या वस्तीत असा कॅमेरा घेऊन कोणी आलं तर आपल्याला कसं वाटतं?

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिची माफी मागितली. तिने शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाली, "आता तुमचं सांगा." आम्ही महाडचं, १९२७ सालच्या चवदार तळ्याचं सांगितलं. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. नुसतं ऐकून घेतलं.

दुसऱ्याचं दुःख आपलंच म्हणण्याआधी ते ऐकून घ्यावं, हा धडा आम्हाला चार दिवसांत मिळाला. उरलेले छत्तीस दिवस तोच गिरवला. एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम!